खैरियतीच्या ओळींमागे : अतिया फैजी यांची लंडनची रोजनिशी

तहसील म्हटले की नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला सातबाराचा उतारा, उत्पन्नाचा दाखला आणि खिडकीपुढची रांग आठवते. त्यामुळे 'जमाना-ए-तहसील' हे नाव आमच्या बैठकीत पहिल्यांदा निघाले, तेव्हा 'कोणत्या तहसीलदाराचे आत्मचरित्र?' असे एका मित्राने विचारले आणि हशा पिकला. शब्द अरबीतला, मिळवणे, गोळा करणे असा त्याचा अर्थ. हासील आणि महसूल ही त्याचीच भावंडे. मराठीने त्यातला सारा गोळा करण्याचा अर्थ उचलला, उर्दूने विद्या मिळवण्याचा अर्थही सांभाळला. 'जमाना-ए-तहसील' म्हणजे विद्यार्जनाचा काळ. मुंबईच्या अतिया फैजी यांनी १९०६-०७ साली लंडनहून घरी लिहिलेल्या मजकुराचे हे पुस्तक १९२१ साली उर्दूत निघाले.

आमच्यापैकी दोघांनाच उर्दू लिपी सफाईने वाचता येते. त्यांतले एक मालेगावचे. त्यांनी मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे आणि अडले की शिवॉन लॅम्बर्ट-हर्ली व सुनील शर्मा यांचे २०१० सालचे इंग्रजी भाषांतर उघडायचे, असा क्रम ठरला. मुंबईच्या एका मुस्लिम बाईने लिहिलेले समजून घ्यायला आम्हांला मालेगावची उर्दू आणि ऑक्सफर्डची इंग्रजी लागली, मराठीचा उपयोग फक्त आपसांत वाद घालण्यापुरता झाला, ही गोष्ट आम्हांला बोचली. या लेखाचे कारणही तेच.

परदेशात राहून तिथल्या रोजच्या जगण्याविषयी लिहिणे ही मराठीत नवी गोष्ट नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या. त्यांची पत्रे काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रामुळे मराठी वाचकांपर्यंत पोहोचली. पंडिता रमाबाईंचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' १८८९ साली आले. पुढे प्रवासवर्णनांचा पूर आला. १९६० साली पु. लं.ची 'अपूर्वाई' आली आणि परदेश ही दिलखुलास हसण्याची जागा झाली. प्रवासी आणि तिथे राहणारा यांतला फरक मात्र आपल्या समीक्षेने फारसा मनावर घेतला नाही. प्रवाशाला परतीचे तिकीट खिशात असल्यामुळे गैरसोयीचा विनोद करता येतो. राहणाऱ्याला त्याच गैरसोयीत उद्या सकाळी पुन्हा उठायचे असते. मीना प्रभु यांच्या 'माझं लंडन'मध्ये (१९९३) या दुसऱ्या प्रकारची ओळख दिसते. तिथे शहर हे बघण्याचे ठिकाण उरत नाही, ते वापरण्याचे होते.

नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या, १८४० सालापासून चालत आलेल्या संस्थेच्या कपाटांपुढे उभे राहिले की ही सारी परंपरा ओळीने दिसते. अतिया त्या ओळीत नाहीत. मराठीवाल्यांनी त्यांना वगळले असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण आपण तरी त्यांना कधी मागितले? १९९० सालच्या सोलापूरच्या पहिल्या मुस्लिम मराठी साहित्य संमेलनापासून आपण परंपरेचा शोध घेतो आहोत. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांपर्यंत आपण मागे जातो, शाहीर अमर शेख यांच्यापाशी येतो, हमीद दलवाईंवर भांडतो. मधल्या काळात आपल्या बायका काय लिहीत होत्या हे विचारायची वेळ आली की 'तेव्हा शिक्षण नव्हते' असे म्हणून पुढे सरकतो.

अतियांचे घराणे सुलेमानी बोहरा, तैयबजी कुळाशी जोडलेले. वडील व्यापारानिमित्त तुर्कस्तानात होते आणि अतियांचा जन्म १८७७ साली इस्तंबूलचा. या घराण्याची एक गोष्ट आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावी. त्यांची मूळची घरची भाषा गुजराती. बद्रुद्दीन तैयबजींच्या पिढीने ती बदलून जाणीवपूर्वक उर्दू आणली. घरात 'अखबार' नावाच्या वह्या ठेवलेल्या असत आणि त्यांत घरातल्या कोणीही, बायकामुलींनीसुद्धा, दिवसाची हकिगत लिहावी असा रिवाज होता. म्हणजे आईच्या दुधाबरोबर आलेली भाषा, धर्माची भाषा आणि लिहायची भाषा एकच असली पाहिजे, हा आग्रह या घराने दीडशे वर्षांपूर्वीच मोडला होता. भाषा निवडता येते, हे त्यांनी करून दाखवले. आपण मराठी निवडली तर बिघडले कुठे, असा प्रश्न आपल्या संमेलनांतून तावातावाने विचारला जातो. त्याला हे उत्तर बाजूच्याच घरातून मिळते. त्यांनी मराठी निवडली नाही ही खंत आम्हांला आहे. पण ती खंत आहे, तक्रार नाही.

येथे एक आडवळण घेतो. आमच्या जिल्ह्यातल्या निफाडला जन्मलेले न्यायमूर्ती रानडे आणि बद्रुद्दीन तैयबजी हे मुंबई हायकोर्टात काही वर्षे सहकारी न्यायाधीश होते. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध झाल्या आणि मराठीच्या कपाटात मानाने बसल्या. तैयबजींच्या नात्यातल्या अतियांचा लंडनचा मजकूर त्याच्या तीन-चार वर्षे आधीच लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वां' या स्त्रियांच्या साप्ताहिकात छापला जात होता. दोन्ही घरांतले पुरुष एकाच इमारतीत न्याय देत होते, दोन्ही घरांतल्या बायका लिहीत होत्या. एक मजकूर पुण्याकडे गेला, दुसरा लाहोरकडे.

आता पुस्तकाविषयी. सप्टेंबर १९०६ मध्ये अतिया सरकारी शिष्यवृत्तीवर शिक्षिकेचे प्रशिक्षण घेण्यासाठी लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात निघाल्या. तिथून त्या घरी लिहीत. थोरली बहीण जेहरा तो मजकूर नीट करून 'तहजीब-ए-निस्वां'कडे पाठवी. पत्रांची रोजनिशी झाली ती या वाटेने. कॉलेजचे तास, व्याख्याने, संग्रहालये, बागा, नाटके, चहाची आमंत्रणे, लंडनमधल्या हिंदी मंडळींच्या गाठीभेटी असा सगळा मालमसाला. भाषा बोलकी, थोडी सैल, इंग्रजी शब्द सर्रास येणारी. उर्दूचे घोटीव गद्य ऐकण्याची सवय असलेले आमचे मालेगावचे मित्र पहिल्या दिवशी नाक मुरडत होते. चौथ्या दिवशी त्यांनाच पुढचे पान कधी वाचतो असे झाले. बहिणीला लिहिताना कोणी अलंकार घालत नाही. सुंदर दिसले की सुंदर म्हणायचे, दोन ओळींनी पुन्हा तेच म्हणायचे, अल्लाच्या कुदरतीचे कौतुक करायचे आणि लगेच आपल्याकडच्या बायकांच्या वाट्याला हे का नाही म्हणून हळहळायचे. ही पुनरुक्ती साहित्यगुणांच्या तराजूत उणी पडेल. पण पडद्यातल्या ज्या बायका लाहोरचे ते साप्ताहिक वाचत होत्या, त्यांना लंडन असेच कोणीतरी धाप लागल्यासारखे सांगायला हवे होते.

तिघींच्या लेखनाची तुलना करताना आम्ही एक धागा हाती धरला तो कपड्यांचा. परक्या देशातले रोजचे जगणे प्रथम अंगाला लागते. आनंदीबाई नऊवारी नेसून बर्फाच्या मुलखात गेल्या. पोटऱ्या उघड्या राहतात हा तिथे थंडीचाही प्रश्न झाला आणि शिष्टाचाराचाही, तेव्हा त्यांनी गुजराती पद्धतीची साडी नेसायला सुरुवात केली. एवढ्या लहान तडजोडीत केवढे राजकारण होते हे त्यांच्या पत्रांवरून कळते, कारण घरून येणारी विचारणा धर्म सुटला का, हीच असे. रमाबाई दुसऱ्या टोकाला. त्यांनी आपल्या अंगावरची नजर उचलून समोरच्यावर ठेवली. अमेरिकन बायकांच्या आवळून बांधलेल्या कमरा आणि टोप्यांवर मिरवायला मारलेले पक्षी यांवर त्या तुटून पडल्या. त्याच ग्रंथात मूळच्या रहिवाशांवर आणि काळ्या लोकांवर झालेला अन्यायही त्या नोंदवतात. पाहुण्याने यजमानाची चूक दाखवायला जी छाती लागते ती रमाबाईंची.

अतियांच्या घराने पडदा बराचसा सोडलेला होता. तरीही लंडनमध्ये त्यांनी झगा-टोपी घातली नाही. पौर्वात्य धाटणीचा पोशाख, डोक्यावरून घेतलेले वस्त्र, अशा त्या छायाचित्रांत दिसतात. याचा अर्थ काय लावायचा यावर आमच्यात एक संध्याकाळ गेली. एकाचे म्हणणे, ही धर्मनिष्ठा. दुसऱ्याचे म्हणणे, यात थोडा मिरवण्याचा भाग आहे. लंडनच्या बैठकांत पूर्वेची बेगम म्हणून जे कौतुक होते ते कोणाला नको असते? आमच्यातल्या एका भगिनीने दोघांनाही गप्प केले. ती म्हणाली, "भाईजान, बाई काय घालते यावर तुम्ही १९०७ सालीही वाद घातला असता. तिने काय पाहिले ते वाचा ना." आम्ही पुढे वाचू लागलो. पण तिच्या म्हणण्याबरोबर आम्हांला हेही नोंदवावेसे वाटते की, डोके झाकून कॉलेजात जाणारी मुलगी हा आजही आपल्याकडे इतरांच्या वादाचा विषय असतो आणि तिने स्वतः लिहिलेले पान मात्र कुठे दिसत नाही. अतियांचे पान आहे, हीच त्यांची थोरवी.

थोरवी सांगितली, आता उणिवाही सांगितल्या पाहिजेत. अतियांचे लंडन वरच्या मजल्यावरचे आहे. सर रतन टाटा, सय्यद अमीर अली, बिलग्रामी अशा घरांची दारे त्यांना उघडी होती. गोदीवरचे हिंदी खलाशी त्याच शहरात होते. त्यांच्याकडे पाहायला त्या जागेवरून वाट नव्हती. इंग्रजांची शिस्त, उद्योगीपणा, वेळेची किंमत यांचे कौतुक वाचताना कधीकधी आम्हांला रमाबाईंच्या तिखटपणाची आठवण येई. रमाबाई अमेरिकेची स्तुती करतात तेव्हा इंग्रजांना चिमटा काढायला विसरत नाहीत, कारण हा देश इंग्रजांपासून सुटलेला आहे. सरकारी शिष्यवृत्तीवर गेलेल्या विद्यार्थिनीला हे इतके सोपे नव्हते हे आम्ही समजू शकतो. समजू शकतो म्हणून उणीव भरून निघत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट वगळण्याची आहे. एप्रिल १९०७ मध्ये अतियांची मुहम्मद इक्बाल यांच्याशी भेट झाली. दोघांत तत्त्वज्ञानावर, कवितेवर बोलणे वाढले, पत्रव्यवहार झाला, त्या उन्हाळ्यात हायडेलबर्गलाही भेट झाली. रोजनिशीत इक्बाल येतात ते विद्वान, कवी अशा चार शब्दांत. तेच दिवस अतियांनी १९४७ साली 'इक्बाल' या इंग्रजी पुस्तकात सांगितले तेव्हा त्यांतून एक खोडकर, बेचैन, जिवंत माणूस उभा राहिला. दिवस तेच, लिहिणारी तीच, पण एका पुस्तकाची वाचक लाहोरच्या पडद्यातली मुलगी आहे आणि मध्ये जेहराआपांचा हात आहे. काय कळवायचे आणि काय नाही, याचा तो चाळणीसारखा हात. तसेच कॉलेजचे. शिक्षणक्रम पुरा न करताच, प्रकृतीच्या कारणाने, सुमारे वर्षभरात अतिया परतल्या. ज्या पुस्तकाचे नावच विद्यार्जनाचा काळ आहे, त्यातले विद्यार्जन अर्धे राहिले. त्या अपुरेपणाची सल जितकी जाणवायला हवी तितकी पुस्तकात जाणवत नाही.

आमच्या मते या पुस्तकाचे खरे वाचन येथून सुरू होते. परदेशातून घरी लिहिणारा माणूस खोटे लिहीत नाही. तो खैरियत लिहितो. 'यहाँ सब खैरियत है, आपकी खैरियत नेक चाहता हूँ' ही ओळ आपल्यापैकी किती घरांत आली असेल! अतियांच्या उत्साही वाक्यांतही तिचाच सूर आहे. अम्मीने काळजी करू नये, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नावे ठेवू नयेत, ज्यांनी पाठवले त्यांना पश्चात्ताप होऊ नये, असे तीन पहारेकरी लिहिणाऱ्याच्या हातावर बसलेले असतात. आनंदीबाईंनाही हे पहारेकरी होते, पण गोपाळरावांशी भांडण झाले की त्यांची लेखणी पहारा मोडून बाहेर पडते, म्हणून त्यांची ती पत्रे आजही अंगावर येतात. अतियांना असे भांडण लाभले नाही. प्रेमळ बहिणीला लिहिण्याचा हा एक तोटाच म्हणावा लागेल. समीक्षेत असे म्हणणे क्रूर वाटेल, पण आम्हांला तसे वाटते.

लंडन हा अतियांचा स्वीकारलेला देश नव्हे, तो मुक्काम होता. देश स्वीकारण्याची वेळ पुढे आली. १९१२ साली त्यांनी चित्रकार सॅम्युएल रहमीन यांच्याशी निकाह केला. हे गृहस्थ पुण्यात जन्मलेले बेने इस्रायली. त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि दोघांनी फैजी-रहमीन असे जोडनाव घेतले. बेने इस्रायलांच्या घरची भाषा मराठी, तेव्हा अतियांच्या घरात मराठी निदान उंबऱ्यापर्यंत तरी आली असणार असे आम्ही गमतीने म्हणतो. १९४८ साली हे जोडपे आणि मधली बहीण नाजली बेगम कराचीला गेले. जिनांचे निमंत्रण होते. नाजली म्हणजे एकेकाळच्या जंजिऱ्याच्या बेगम. त्यांनीही १९०८ सालच्या युरोप प्रवासावर 'सैर-ए-यूरोप' लिहिले आहे. मुरूडच्या त्या दर्याकाठची प्रजा मराठी-कोकणी बोलणारी आणि बेगमेचे प्रवासवर्णन उर्दूत, हा पुन्हा तोच नकाशा. कराचीत त्यांनी घराला मुंबईच्या घराचेच नाव दिले, ऐवान-ए-रिफअत. जिना गेले. काही वर्षांनी ते घर सोडावे लागले. अखेरचे दिवस हलाखीत गेले. १९६४ साली सॅम्युएल आणि १९६७ साली अतिया वारल्या.

मुंबईतल्या घराचे नाव उचलून दुसऱ्या देशातल्या घराला लावणे, यात परागंदा माणसाचे सगळे मानसशास्त्र आहे. या वीस वर्षांवर 'जमाना-ए-तहसील'सारखी रोजनिशी निघाली असती तर ती पहिलीपेक्षा मोठी ठरली असती. पण आता चाळणी धरायला जेहरा नव्हती, वाट पाहणारे साप्ताहिक नव्हते आणि मुंबईला खैरियत कळवावी तर खैरियत उरली नव्हती. मोठ्या अपेक्षेने स्वीकारलेल्या देशात माणूस फसला की त्याला लिहिता येत नाही. मागे राहिलेले 'आम्ही सांगितले नव्हते का' म्हणतील, आणि पुढचे म्हणतील 'मग आलात कशाला?' या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत अतियांचे न लिहिलेले पुस्तक आहे.

हे सगळे इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण आमच्या दाराशी आहे. जुन्या नाशकात कोकणीपुरा आहे. हे नावच एका स्थलांतराची नोंद आहे. घाटाखालून आलेल्या माणसांनी नाशिक आपले केले. मालेगावचे विणकर १८५७ नंतर उत्तरेतून आले आणि त्यांची उर्दू त्यांनी मागाच्या खडखडाटातही टिकवली. गेल्या पन्नास वर्षांत कोकणातली गावेच्या गावे आखाताकडे गेली, आमच्याकडची मुलेही गेली. जेद्दा, कुवेत, दुबई, मस्कत ही नावे आपल्या घरांत खेड-दापोलीइतकी सहज घेतली जातात. मल्याळममध्ये या जगण्यातून बेन्यामिन यांची 'आडुजीवितम' ही कादंबरी २००८ साली आली आणि आखातात गुरासारखे राबणाऱ्या माणसाची कहाणी घरोघर वाचली गेली. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलांनी तिथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले. आपल्या आखाती भावांनी पैसा पाठवला, मशिदी-मदरशांना चंदा पाठवला, घरावर स्लॅब पडला, बहिणींची लग्ने झाली. मराठी वाङ्मयाला मात्र त्या चाळीस-पन्नास वर्षांतून खोलीतल्या बारा खाटा, कफीलकडे अडकलेला पासपोर्ट, शुक्रवारची बिर्याणी आणि पहिल्यांदा पाहिलेली तीन वर्षांची मुलगी यांतले फार थोडे मिळाले. आमच्या लेखकांनी दंगलीवर लिहिले, तलाकवर लिहिले; ते लिहायलाच हवे होते. पण अब्बा दोन वर्षांतून एकदा अत्तराचा वास घेऊन येतात आणि पंचेचाळीस दिवसांनी जातात, या घरावर कथा लिहायला दंगल लागत नाही.

म्हणून 'जमाना-ए-तहसील' मराठीत यावे असे आम्हांला वाटते. ते थोर पुस्तक आहे म्हणून नव्हे. ते आले तर आनंदीबाई आणि रमाबाई यांच्या शेजारी तिसरी बाई बसेल आणि खैरियत कशी लिहिली जाते, तिच्यात काय गळते, हे आपल्या नव्या लेखकांना जुन्या नमुन्यावरून दिसेल. भाषांतर करणाऱ्याने एक पथ्य पाळावे. अतियांची इंग्रजी मिसळलेली, धावती उर्दू शुद्ध साहित्यिक मराठीत घालून तिला पैठणी नेसवू नये. आपण घरात बोलतो ती मराठी, जिच्यात 'आपा', 'दुआ', 'नसीब' तळटीप न लावता येतात, ती या कामाला पुरेशी आहे.

वाचन संपले त्या आठवड्यात आम्ही कोकणीपुऱ्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंकडे गेलो. त्यांचे शोहर १९७० च्या दशकात कुवेतला होते. पत्रांची एक पत्र्याची पेटी आहे, आणि काही कॅसेटही, ज्यांत ते आवाज भरून पाठवत, हे आम्हांला माहीत होते. पत्रे कोणत्या भाषेत आहेत विचारले, तर म्हणाल्या, "भाषा कसली? त्यांची. थोडी उर्दू, थोडी आपली." उतरवून घेऊ का, म्हणून विचारले. खालाजान हसल्या. "काय आहे त्यात बाळांनो? सगळी खैरियतच आहे." मग थोडा वेळ गप्प राहून त्यांनी सांगितले की एक कॅसेट अशी आहे, जिच्यात दुसऱ्या बाजूला ते बोलतच नाहीत, नुसता पंख्याचा आवाज येतो. ती मात्र त्या कोणाला देणार नाहीत. बाकीची पेटी रमजाननंतर माळ्यावरून काढू म्हणाल्या.